गढी (मराठवाडा)

गढी : लूटमार, धाड किंवा घेरावाच्या वेळी आसरा देणारे तटबंदीचे घर. एरवी तो देशमुख, पाटील किंवा जहागीरदाराचा राहता वाडा. धाड आल्याची हाकाटी झाली की गावातली बायकामुले दाणागोट्यासह आत येत.

गढी गावठाणातल्या उंचवट्यावर, बरेचदा जुन्या पांढरीवरच (जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर) उभी असते. तळाला काळा दगड, वर पांढऱ्या मातीचा किंवा विटांचा जाड तट, कोपऱ्यांना बुरूज. बुरुजांतल्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोके, बाहेरच्या अंगाला खाली उतरत्या ठेवलेल्या दिसतात, कारण तटाच्या पायथ्याशी आलेल्यावरही नेम धरता यायला हवा. मोठ्या दरवाजाला आतून अडसर आणि पोटात दिंडी, म्हणजे छोटा दरवाजा. दिंडीतून वाकूनच शिरावे लागते, म्हणजे येणाऱ्याची मान आधी आत!

तटापेक्षा महत्त्वाचे आड आणि पेव. पेव म्हणजे अरुंद तोंडाचे, पोटात फुगीर असे जमिनीखालचे धान्याचे कोठार. ज्वारी त्यात वर्षानुवर्षे राही. बंद पेवात विषारी हवा साठते, म्हणून तोंड उघडून ठेवायचे, दिवा सोडून पाहायचा आणि तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार इथलाच. भिंतीतल्या किंवा जमिनीखालच्या कोठीला बळद म्हणतात. दाण्याविना तट कुचकामी. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीला (पुढचे दौलताबाद) वेढा दिला, तेव्हा घाईघाईत गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी कथा आहे.

गढीतून थेट दौलताबादेपर्यंत भुयार जाते, असे गावोगाव सांगतात. उतरून पाहिले तर ते बहुधा बळद किंवा तळघर निघते. आणि खुद्द दौलताबादची प्रसिद्ध अंधारी वाट लपण्यासाठी नव्हतीच. आत घुसलेल्या शत्रूला कोंडण्यासाठी ती होती.

धोका जमिनीवरून येणार, हे गढीच्या बांधणीचे गृहीतक. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानावरील कारवाईत भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गवर आल्या, तेव्हा भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमानेही कामाला लागली होती. लाकडी तुळयांवर माती थापलेले सपाट छप्पर, म्हणजे माळवद, उन्हाला उत्तम, बॉम्बपुढे त्याचा काय पाड?

अवशेषांना खरा तडाखा मात्र शांततेच्या काळातच बसला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर-उस्मानाबादेत दगडमातीची बांधकामे कोसळली. त्याआधीपासून तटाची पांढरी माती माळवदांवर आणि शेतांत चालली होती. गुप्तधनासाठी बुरूज पोखरणारेही आहेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार सापडलेले धन कलेक्टरला कळवावे लागते, हे त्यांच्या गावीही नसते. पडक्या गढीत पावसाळ्यात अचानक खचलेला गोल खळगा दिसला तर ते जुने पेव समजावे. गुरे पडू नयेत म्हणून गावकरी त्याच्या तोंडावर बाभळीच्या काट्या टाकून ठेवतात.