कावळा शिवेपर्यंत

काकांच्या दहाव्याला आम्ही सकाळीच बाणगंगेवर जमलो. चुलतभाऊ क्षौर करून आला, पिंड मांडले गेले आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. वाळकेश्वरला कावळ्यांना तोटा नाही, पण तिथे दहावेही इतके होतात की ते बहुधा जेवूनच येत असावेत. भिंतीवर दोघे बसले होते, ढुंकूनही बघत नव्हते.

पिंडांजवळ जीवखडा होता. स्मशानात ज्याने मडक्याला भोक पाडलं, तो हा दगड. दहा दिवस गेलेल्याचा जीव त्यात असतो असं मानतात. डॉक्टरांच्या दाखल्यावर तर काका गेल्याची वेळ मिनिटासकट लिहिलेली. मग हे दहा दिवस कुणाचे?

रॉबर्ट हर्ट्झ या फ्रेंच अभ्यासकाने 1907 साली नेमकं हेच धरलं. बोर्निओतले दायाक लोक मृतदेह आधी तात्पुरता ठेवत. हाडं कोरडी झाली की, कधी कधी काही वर्षांनी, मोठी मेजवानी घालून ती कायमच्या जागी नेत. तोवर आत्मा भटकत राही आणि घरच्यांचं सुतकही फिटत नसे. हर्ट्झचं म्हणणं असं, की समाजाच्या लेखी माणूस एका क्षणात मरत नाही. देह, आत्मा आणि मागे राहिलेले, तिघांना बरोबरीने वाट चालावी लागते. गंमत म्हणजे हर्ट्झ बोर्निओला कधी गेलाच नव्हता, इतरांच्या नोंदी वाचून त्याने हे मांडलं. 1915 मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, तो महायुद्धात मारला गेला.

हर्ट्झच्या त्या मांडणीनंतर दोनच वर्षांनी, 1909 मध्ये, आर्नल्ड व्हॅन गेनेप या अभ्यासकाने जन्म, वयात येणं, लग्न, मरण अशा सगळ्या विधींत एकच घडण दाखवली: जुन्यातून सुटणं, मधे लटकणं, नव्यात सामावणं. मधल्या अवस्थेला त्याने नाव दिलं ते लॅटिनमधल्या उंबरठ्यावरून. उंबरठ्यावर बसू नये म्हणून आजी का ओरडायची, ते मला तेव्हा कुठे उमगलं.

आपल्याकडचा उंबरठा तर फारच तपशीलवार आहे. गेलेला माणूस आधी ‘प्रेत’ असतो, पितर नव्हे. दहा दिवसांच्या दहा पिंडांनी त्याला अवयवागणिक नवा देह मिळतो. मग सपिंडीकरणात त्याचा पिंड बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत मिसळतात. एका अर्थी वरच्या घरात नाव लावून घेणंच हे. बाणगंगा आहे त्याच मलबार हिलवर डुंगरवाडी, म्हणजे पारशांची अंत्यविधीची जागा, आहे. पारशी मानतात की आत्मा तीन दिवस इथेच असतो आणि चौथ्या पहाटे परलोकात नेणाऱ्या चिन्वत पुलाशी पोचतो. मुसलमान शेजाऱ्यांकडे चाळिसावा असतो. आकडे वेगळे, पण मधली फट आहेच.

विधींनी मनाला खरंच काही होतं का? मॉरिशसमधल्या मराठी बायकांवर एक प्रयोग झाला, त्याचा निबंध 2020 साली आला. त्यांना नैसर्गिक आपत्तीवर भाषण तयार करायला सांगून आधी धास्तावलं. मग काहींना देवळात नेहमीची पूजा करू दिली, बाकीच्या नुसत्या बसल्या. पूजा केलेल्यांची चिंता जास्त उतरली. त्यांच्या सांगण्यातून आणि हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदीतूनही ते दिसलं. ठरलेल्या क्रमाने तेच ते करत राहिलं की पुढे काय होणार हे मनाला कळतं आणि ते निवतं, असा संशोधकांचा तर्क. अर्थात ही भाषणाची धास्ती होती, बाप गेल्याचं दुःख नव्हे.

मला वाटतं, या फटीत आणखी एक काम उरकलं जातं. गेलेल्याच्या जबाबदाऱ्या वाटल्या जातात.

अर्धा तास झाला तरी कावळे हलेनात. “काही इच्छा राहिली असेल, बोला,” गुरुजी म्हणाले. भावाने हात जोडले. “बाबा, आईची काळजी करू नका. मी आहे.” कावळा ढिम्म. मग काकू हळूच पुटपुटली, “भिशीचं सांग.” भाऊ घसा खाकरून म्हणाला, “भिशीचे राहिलेले हप्ते मी भरीन.”

गुरुजींनी घड्याळ बघितलं, मागची मंडळी खोळंबली होती. त्यांनी पिशवीतून दर्भ काढला, त्याचाच एक कावळा वळून केला आणि पिंडाला टेकवला. भिशीवाले मामा दुसऱ्या पायरीवरच उभे होते. त्यांनी मान डोलावली आणि चपला शोधायला लागले.