पुन्हा तलावात उतरताना: दम, डोकं आणि कॉस्च्युम

बऱ्याच वर्षांनी तलावात उतरलेल्या माणसाचे पहिले पंचवीस मीटर छान जातात. हात आपोआप पुढे पडतात, पाय हलतात, भिंत हाताला लागते. दुसऱ्या फेरीत अर्ध्यावरच छाती भरून येते आणि तिसरी फेरी कशीबशी संपवून तो भिंतीला धरून उभा राहतो. ‘वय झालं’, ‘वजन वाढलं’ असा निष्कर्ष तिथल्या तिथे निघतो आणि महिन्याचा पास घरी पडून राहतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. त्या माणसाची बरीचशी ताकद पाणी मागे ढकलण्याऐवजी पाण्याशी झगडण्यात गेलेली असते. हा झगडा कमी करता येतो, आणि त्यासाठी आधी दंडाची ताकद वाढवावी लागत नाही.

पोहण्याचं कसब आपण मेंदूत साठवतो. त्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. दमाचं तसं नाही. व्यायाम थांबला की काही आठवड्यांतच रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, कमी होतो आणि हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्तही घटतं. मग स्नायूंच्या पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या भागांची, क्षमता उतरत जाते. हातांना जुना वेग आठवत असतो, पण त्या वेगाला पुरेल इतका प्राणवायू पोहोचवणारी यंत्रणा आता तशी राहिलेली नसते. दिलासा हा, की प्लाझ्मा लवकर भरून येतो. नियमित पोहायला लागल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत फरक पडतो. मायटोकॉन्ड्रियांना जास्त वेळ लागतो, पण तेही वाढतात, आणि उतारवयातसुद्धा वाढतात.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहलेल्या या मुलाने २०१०च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक आणलं. मग तहसीलदाराची नोकरी लागली आणि काही वर्षं स्पर्धांपासून तो दूर राहिला. तो परतला आणि २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत २२.४७ सेकंदांत पोहला. कांस्यपदक २२.४६ला गेलं. अमेरिकेची डारा टोरेस २००८च्या त्याच बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकेचाळिसाव्या वर्षी, लहान मुलीची आई असताना, तीन रौप्यपदकं घेऊन गेली. ही मंडळी असामान्य आहेत हे खरं, पण शरीर परत शिकतं ही गोष्ट त्यांच्यापुरती नाही.

आता दमाकडे येऊ, कारण परतणाऱ्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. धाप लागण्याची जाणीव प्राणवायू कमी पडल्याने फारशी होत नाही. ती होते रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याने. पाण्यात तोंड घालून श्वास कोंडून धरला की हा वायू साठत जातो आणि मेंदू ‘हवा हवी’ म्हणून ओरडायला लागतो. मग डोकं वर येतं, तेवढ्या अर्ध्या सेकंदात आधी श्वास सोडायचा आणि मग घ्यायचा. दोन्ही अर्धवट राहतं. त्यात छातीवर पाण्याचा दाब असतो. एक फूट खोलीवर हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३० ग्रॅम भरतो. ऐकायला किरकोळ, पण छाती फुगवताना दर श्वासाला तो बाजूला सारावा लागतो. जमिनीवर आपण श्वास ओढून घेतो आणि सोडणं आपोआप होतं. पाण्यात उलटं करावं लागतं: सोडण्याकडे लक्ष द्यायचं, घेणं आपोआप होतं.

म्हणून तोंड पाण्यात गेल्यापासून नाकातून, तोंडातून बारीक बुडबुडे सतत सुटत राहायला हवेत, आणि तोंड बाहेर येण्याच्या क्षणी एक जोरकस फुंकर. उथळ भागात कठडा धरून पाच मिनिटं एवढंच करा. चेहरा पाण्यात, बुडबुडे, मान वळवून श्वास, पुन्हा चेहरा पाण्यात. शेजारच्या लेनमधली शाळकरी मुलं बघत असतील, बघू द्या. या पाच मिनिटांचा जितका उपयोग होतो तितका पहिल्या दिवशी मारलेल्या दहा फेऱ्यांचा होत नाही.

याच कार्बन डायऑक्साइडमुळे एक धोकाही आहे. पाण्याखालून लांब जाण्यासाठी आधी भराभर दीर्घ श्वास घेण्याची मुलांना, आणि मोठ्यांनाही, हौस असते. त्यामुळे प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि धोक्याची घंटा वाजतच नाही. माणूस धाप न लागता थेट पाण्याखाली बेशुद्ध होतो. असं कुणी करताना दिसलं तर त्याला थांबवा. आणि हृदयाचा त्रास असेल तर परतण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. गळ्यापर्यंत पाण्यात उतरल्यावर हातापायांतलं जवळपास पाऊण लिटर रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयाला ते सांभाळावं लागतं. तलावात गेल्यावर लघवीला लागते तीही यामुळेच. छातीत रक्त वाढलेलं बघून शरीर पाणी कमी करायला घेतं.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. त्यात पुढे सरकताना होणारा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी शक्ती घनाने. समजा, तुम्ही पंचवीस मीटर ४० सेकंदांत जाता आणि शेजाऱ्याला बघून तेच ३६ सेकंदांत जायचं ठरवता. वेग वाढला ११ टक्के, पण शक्ती लागली साधारण ३७ टक्के जास्त. पहिल्या फेरीच्या उत्साहाची किंमत दुसऱ्या फेरीत का मोजावी लागते, ते या हिशेबात आहे. पण विरोध आणखी एका गोष्टीवर अवलंबून असतो: पाण्याला तुमचं अंग समोरून किती मोठं दिसतं. आडवं, सरळ शरीर पाण्यातून छोट्या भोकातून जावं तसं जातं. पाय खाली लोंबले की तेच भोक दुप्पट मोठं लागतं.

आणि पाय लोंबतातच. फुप्फुसांत हवा असल्यामुळे शरीराला वर उचलणारं बल छातीपाशी केंद्रित होतं, वजनाचा मध्य मात्र खाली कमरेकडे असतो. ही दोन बलं मिळून पायांना खाली फिरवतात. स्नायू पाण्यापेक्षा जड आणि चरबी हलकी, त्यामुळे सडपातळ, पिळदार पायांच्या पुरुषांना हा त्रास जास्त होतो. थोड्या भरलेल्या बाईचे पाय पाण्यावर सहज राहतात. वजन वाढलं म्हणून तलावाकडे न फिरकणाऱ्या बायकांना हे कुणीतरी सांगायला हवं.

यावर उपाय डोक्यात आहे, अक्षरशः. आपल्याकडे एका मोठ्या पिढीने पोहणं विहिरीत किंवा नदीत शिकलेलं आहे. पाठीला डबा नाहीतर सुकलेला भोपळा बांधायचा, काठावरून कुणीतरी ढकलायचं, आणि मग हातपाय मारायचे. तिथे डोकं पाण्याबाहेर ठेवणं शहाणपणाचंच होतं. वरून कोण मुटका मारतंय, काठ कुठे आहे, हे दिसायला हवं. ती सवय अंगात इतकी मुरते की तलावातही मान ताठ राहते. पण डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. पाण्यात असेपर्यंत ते पाणी तोलतं, बाहेर काढलं की तुम्ही तोलता. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, मग पाय तरंगत ठेवण्यासाठी जोरात मारावे लागतात. पायांचे स्नायू मोठे, ते प्राणवायू भराभर खातात, आणि फ्रीस्टाइलमध्ये पुढे ढकलण्यात त्यांचा वाटा हातांपेक्षा खूपच कमी असतो.

तेव्हा नजर तळाच्या काळ्या रेषेवर, जराशी पुढे. मानेला ताण नको. श्वास घेताना डोकं उचलायचं नाही. खांद्यांसकट अंग कडेला वळवायचं आणि डोकं त्याबरोबर वळू द्यायचं. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर. एवढ्याने तोंड पाण्याखालीच राहील अशी भीती वाटते, पण पुढे जाणाऱ्या डोक्यामुळे त्याच्या कडेला पाण्यात खळगा तयार होतो आणि तोंड त्या खळग्यात येतं. फार हळू जाताना तो उथळ असतो, म्हणून सुरुवातीला थोडं जास्त वळा.

हातांबद्दलचं शास्त्र मध्यंतरी बदललं आहे, आणि जुन्या पोहणाऱ्यांना ते माहीत असणं गरजेचं आहे. अमेरिकेतले प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन, म्यूनिकमध्ये १९७२ साली सात सुवर्णपदकं जिंकलेल्या मार्क स्पिट्झचे गुरू, पाण्याखाली चित्रण करून हातांच्या हालचाली अभ्यासत. हात पंख्याच्या पात्यासारखा तिरका कापत गेला की जोर मिळतो, असं त्यांनी मांडलं आणि कित्येक वर्षं जगभर पाण्याखाली ‘एस’ आकाराचा हात शिकवला गेला. पुढच्या मोजमापांतून दिसलं की मुख्य जोर पाणी सरळ मागे ढकलण्यातूनच मिळतो. त्यामुळे आता कोपर उंच ठेवून पंजा आणि पुढचा हात मिळून एक रुंद वल्हं करायचं आणि ते मागे न्यायचं, असं शिकवतात. काउन्सिलमन मात्र मोठा माणूस. १९७९ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली.

खांद्याची काळजी इथेच घ्यायची. पंचवीस मीटरला वीस हात धरले तर एक किलोमीटरला आठशे होतात, म्हणजे प्रत्येक खांद्याचे चारशे फेरे. खांद्याच्या वरच्या हाडाखालून जाणारा स्नायूबंध प्रत्येक फेऱ्यात घासला जाऊ शकतो. अंगठा खाली करून हात पाण्यात घालणं आणि हात डोक्यापुढे मधली रेषा ओलांडून पलीकडे जाणं, ही त्याची दोन नेहमीची कारणं. हात खांद्याच्या रेषेतच, बोटं आधी, पाण्यात जाऊ द्या. दमापेक्षा स्नायूबंध फार सावकाश तयार होतात. दम आला म्हणून अंतर एकदम दुप्पट करू नका. पहिले काही आठवडे पंचवीस मीटर, मग नीट बोलता येईल इतकी विश्रांती, मग पुन्हा पंचवीस. आणि प्रत्येक फेरीत हात किती लागले ते मोजा. तेवढ्याच वेळात पंचवीस हातांचे बावीस झाले तर विरोध कमी झाला किंवा पकड सुधारली. घड्याळापेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो.

उरला कॉस्च्युम. परतणाऱ्यांच्या यादीत तो शेवटी असतो आणि खरेदी मापाऐवजी लाजेने होते, ‘अंगाला चिकटू नये’ म्हणून एक साइज मोठा. पाण्यात तो आणखी सैल होतो, गळ्यातून पाणी आत शिरतं, पोटाशी आणि पाठीशी साठतं, आणि ते सगळं पाणी तुम्ही फेरीभर ओढत नेता. स्पर्धक सरावात विरोध वाढवायला मुद्दाम सैल, खिशांच्या चड्ड्या घालतात. आपण तोच भार पैसे देऊन विकत घ्यायचं कारण नाही. कापड किती फरक पाडू शकतं ते २००८-०९मध्ये जगाने पाहिलं. पॉलियुरेथेनचे, अंग आवळून गुळगुळीत करणारे आणि वर उचलणारे पोशाख आले, आणि रोमच्या २००९च्या एकाच जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. २०१०पासून त्यांच्यावर बंदी आली.

आपल्याला तसलं काही नको, नीट बसणारा हवा. कोरडा असताना तो किंचित घट्ट वाटला पाहिजे. घालून दोन्ही हात वर ताणा: खांद्याच्या पट्ट्या रुतल्या किंवा खाली जांघेत ओढ बसली तर धडाच्या लांबीला तो कमी आहे. छाती-कंबर बरोबर असूनही उंच धडाच्या बायकांना हे होतं, म्हणून खांद्यावरून पायांमधून परत त्याच खांद्यापर्यंतचं मापही घ्या. मग पुढे वाका. गळा अंगापासून सुटला, तर पाणी तिथूनच येणार. पट्टीखाली दोन बोटं जेमतेम जावीत, पाठीच्या खोलगट भागात कापडाची घडी पडू नये. पुरुषांनी खिशांची बर्म्युडा घरी ठेवावी. गुडघ्यापर्यंतचा घट्ट जॅमर किंवा साधी ट्रंक, आतली नाडी बांधून.

आपल्याकडे फ्रॉकच्या झालरीचे कॉस्च्युम खूप चालतात. ती झालर पाण्यात फडफडते आणि ओढ वाढवते. पण झालर असल्यामुळे एखादी बाई पाण्यात उतरणार असेल तर तिने ती खुशाल घालावी, फक्त आखूड बघून घ्यावी. अंग झाकायचं असेल तर अंगाबरोबर बसणारा, पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा कॉस्च्युम झालरीपेक्षा पाण्यात बरा पडतो. सुती टी-शर्ट वरून चढवणं सगळ्यात वाईट. पाणी पिऊन तो जड होतो आणि हाताच्या प्रत्येक फेऱ्याला अडवतो.

कपाटातला जुना कॉस्च्युम परत घालणार असाल तर आधी पाठीचं कापड उजेडासमोर ताणून बघा. आरपार दिसलं, पांढरे बारीक धागे वर आलेले दिसले, तर त्यातला इलास्टेन गेला. क्लोरीन या लवचीक धाग्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतं. नायलॉन-इलास्टेनचा कॉस्च्युम मऊ असतो पण लवकर सैलावतो. आठवड्याला तीन-चारदा पोहायचं असेल तर पॉलिस्टर किंवा पीबीटीचा (हाही पॉलिस्टरचाच एक प्रकार) घ्या, तो क्लोरीनला खूप जास्त टिकतो. तलावात उतरण्यापूर्वी शॉवरखाली कॉस्च्युम आणि केस साध्या पाण्याने चिंब करा, म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जाईल. त्या आंघोळीने अंगावरचा घामही जातो. तलावाचा डोळे झोंबवणारा वास घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन तयार होणाऱ्या क्लोरामाइनचाच असतो. बाहेर आल्यावर लगेच गार पाण्यात खळबळून घ्या, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा. ओला कॉस्च्युम प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिवसभर ऑफिसच्या बॅगेत ठेवला तर महागातला महाग कॉस्च्युमही फार दिवस टिकणार नाही.