आवाज फाटतो तेव्हा

गेल्या महिन्यात लातूरला बहिणीकडे होतो. भाचा मोबाइलवर नॉर्वेच्या 'एम्परर' बँडचं सिंफनिक ब्लॅक मेटल गाणं लावून बसला होता. त्याची आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय ऐकायलास रे हे? असल्यानं बाहेरची बाधा होती म्हणतेत." पोरानं मुकाट्यानं मोबाइल बंद केला. मला फार वाईट वाटलं. हे संगीत मी वीस वर्षं ऐकतोय. त्याची ताकद कुठून येते, हे शाळेतला तरंगांचा धडा आठवत असेल त्याला नक्की समजेल.

सिंफनिक ब्लॅक मेटल 1990 च्या दशकात मुख्यतः नॉर्वेत आकाराला आलं. सुसाट ड्रम, किंचाळणारा गायक, फाटक्या आवाजाची गिटार आणि या सगळ्यावर व्हायोलिनांचा आणि गायकवृंदाचा साज. 'डिमू बोर्गिर' या तिथल्याच बँडनं 2011 साली ऑस्लोत नॉर्वेच्या रेडिओ वाद्यवृंदाला सोबत घेऊन अख्खा कार्यक्रम केला.

मला बोलायचंय ते त्या फाटण्याबद्दल. लग्नाच्या मांडवात कोणीतरी ओरडतं, "कर्णा फाटायलाय, बारीक करा!" तेव्हा होतं असं, की अ‍ॅम्प्लिफायरची व्होल्टेज द्यायची हद्द संपते. लाटेचा गोल माथा तिथंच छाटला जातो आणि लाट बालाघाटातल्या डोंगरासारखी सपाट माथ्याची होते. अशा कडा गोलसर लाटेतून तयार होत नाहीत. त्यासाठी मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट, सातपट लाटा त्यात मिसळाव्या लागतात. म्हणजे एका स्वराच्या डोक्यावर नवे स्वर उगवतात. तानपुऱ्याच्या घोडीवर सूत सरकवून जवारी काढतात, तिथंही तार घोडीच्या उतरत्या पाठीला हलकेच टेकत राहते आणि वरचे स्वयंभू स्वर उमलतात. वाट वेगळी, पण नातं जवळचं. शिवाय माथे छाटल्यामुळे मोठा-लहान हा फरक मिटतो, सरासरी जोर वाढतो आणि आवाज भिंतीसारखा सलग उभा राहतो.

खरी गंमत एकाच वेळी दोन तारा छेडल्यावर होते. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला 82.4 वेळा कंप पावते. तिला षड्ज मानलं, तर पंचम येतो 123.5 वर. हे दोन स्वर एकाच फाटक्या अ‍ॅम्प्लिफायरमधून गेले, की त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही बाहेर पडतात. 123.5 वजा 82.4, म्हणजे सुमारे 41. पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा करा, तरी 41 च्याच आसपास. हा षड्ज बरोबर एक सप्तक खालचा. तो कुणीही वाजवलेला नाही, तरी तो स्पीकरमधून येतो. आता पंचमाऐवजी कोमल गंधार घ्या, 98 हर्ट्झ. वजाबाकी 15.6. कान साधारण 20 हर्ट्झच्या खाली स्वर ओळखत नाही, त्यामुळे तिथं स्वराऐवजी थरथर, गुरगुर जाणवते. ब्लॅक मेटलचे गिटारवादक कोमल गंधाराचे हे स्वरसमूह मुद्दाम फाटक्या आवाजात, झपाट्यानं छेडतात. जो काळोख जाणवतो, त्यातला मोठा वाटा या वजाबाकीचा आहे असं माझं ठाम मत आहे.

बाधेबद्दल एवढंच सांगतो. तुळजापूरला गोंधळात संबळ घुमायला लागला की अंगावर काटा येतो, नाडी वाढते. इथंही तेच होतं. लय आणि मोठा आवाज मज्जासंस्थेला जागं करतात, त्याला भुताची गरज नसते. आणि 432 हर्ट्झच्या संगीतानं आजार बरे होतात असे फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनीही थांबावं, त्याला कसलाही भक्कम पुरावा नाही.

गायकवृंदाची भव्यता येते ती घुमण्यातून. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सेबाइननं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेलं सूत्र असं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला भिंतींच्या एकूण ध्वनिशोषणानं भागा आणि 0.161 नं गुणा. आवाजाची ऊर्जा दहा लाखांश व्हायला लागणारे सेकंद मिळतात. खोली मोठी आणि भिंती टणक असतील, तर घुमणं लांबतं. वेरूळचं दहावं लेणं, ज्याला आपण सुतार की झोपडी म्हणतो, ते याचंच उदाहरण. कमानदार छत, सगळीकडे पाषाण, शोषून घेणारं जवळपास काहीच नाही. तिथं हळू आवाजात म्हटलेला मंत्रही मोठा होऊन परत येतो. कीबोर्डमधल्या कृत्रिम गायकवृंदाला असंच घुमणं गणितानं जोडतात.

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला तिथं नेणार आहे. गर्दी नसेल तेव्हा एकच टाळी वाजवायची आणि घड्याळ लावून मोजायचं. आजीही येतो म्हणाली आहे.