पाकट 'करंट' मारतो का? एका नावाखाली दोन मासे

कोल्हापूर म्हणजे तांबडा-पांढरा. समुद्र घाट उतरून पलीकडं, त्यामुळं मासळीचं ज्ञान आपल्याकडं बेताचंच. मालवण फिरून आलेला एखादा भावा कट्ट्यावर ठोकून देतोच, "पाकट शेपटीनं करंट मारतो!" या एका वाक्यात दोन वेगळे मासे कोंबलेत.

शेपटीवाला तो नेहमीचा पाकट, म्हणजे स्टिंग रे. चाबकासारखी लांब शेपटी, तिच्यावर करवतीच्या दात्यांचा विषारी काटा. विजेचा झटका नाहीच. वाळूत पडून असताना अंगावर पाय पडला की शेपटी उसळवतो, एवढंच. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला अनेकांना 'मासा चावला' म्हणून बातम्या आल्या, तो हाच. चावला कसला, काटा मारला! त्याचं विष प्रथिनांचं, उष्णतेनं निकामी होतं. म्हणून सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवतात आणि दवाखाना गाठतात.

करंटवाला पाकट, म्हणजे इलेक्ट्रिक रे, मात्र खरा नाद खुळा. अंग गोल, मऊ, गुळगुळीत. शेपटी आखूड, जाड, टोकाला पर, आणि काटा नाहीच. नेहमीचा पाकट अंगाच्या कडा हलवत पोहतो. याला ते जमत नाही, कारण डोक्याच्या दोन्ही अंगांना घेवड्याच्या बियांच्या आकाराचे दोन वीज-अवयव ठासून भरलेत. मग शेपटीच्या जोरावरच पुढं सरकायचं.

हे अवयव म्हणजे मुळात स्नायूच, पण आखडायचं काम विसरलेले. आत षटकोनी खांब, प्रत्येक खांबात चपट्या पेशींची नाण्यांसारखी चळत. एका पेशीची वीज नगण्य. बॅटरीत सेल एकामागं एक घातल्यासारखी ती वाढत जाते. शिवाय खांब शेजारीशेजारी असल्यानं प्रवाहही दांडगा, आणि खारं पाणी तो सहज वाहून नेतं. मोठ्या जातींचा झटका २०० व्होल्टच्या आसपास जातो, लहानांचा बराच कमी. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टानं १८०० साली पहिली बॅटरी मांडली तेव्हा तुलना केली ती याच अवयवाशी. रोमन वैद्य तर डोकेदुखीला जिवंत मासाच कपाळावर ठेवायचे!

हा झटका बचावालाही चालतो, पण मुख्य कामाला येतो तो शिकारीत. वाळूत दबा धरून बसायचं, मासा जवळ आला की त्याच्यावर झेप घालून अंगाखाली दाबायचं आणि झटका द्यायचा. बधिर झालेला मासा मग सावकाश गिळायचा.

तेव्हा पुढच्या वेळी कट्ट्यावर करंटची गोष्ट निघाली, की आधी विचारा, "शेपटी चाबकासारखी होती का आखूड?"