डभोई ते कवांट: गावांची लोकसंख्या आणि दळणवळण यांची पार्श्वभूमी

गावाची लोकसंख्या किती आणि तिथे जायचे कसे, हे दोन प्रश्न सरकारी कागदांत शेजारी शेजारी येतात. २०११ च्या जनगणनेच्या ग्रामनिर्देशिकेत गावातच बस थांबा किंवा रेल्वे स्थानक नसेल, तर त्या रकान्यात एकच अक्षर छापलेले आढळते: सोय पाच किलोमीटरच्या आत असेल तर एक, पाच ते दहा किलोमीटरवर असेल तर दुसरे आणि त्याहून दूर असेल तर तिसरे. बडोद्याच्या परिसरात मात्र माणसांच्या संख्येवरून वाट ठरण्याची पद्धत फार उशिरा आली.

इथली पहिली वाट कापसासाठी झाली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मुख्य मार्ग मियागामवरून जाऊ लागताच खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम हा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग टाकण्यात आला आणि त्यावरचे डबे बैल ओढू लागले. लवकरच इंजिनेही आणून पाहिली. पण रूळ इतके हलके होते की त्यांना तो भार पेलवेना, आणि रूळ बदलून १८७३ मध्ये इंजिने नियमित धावू लागेपर्यंत बैलच कामाला राहिले. १८७९ मध्ये फाटा चांदोदला पोहोचला. नर्मदा आणि ओरसंगच्या या संगमावर श्राद्धविधींसाठी, आणि पुढे गरुडेश्वरी टेंबेस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी निघणाऱ्या बडोद्याच्या मराठी कुटुंबांना ही गाडी चांगली परिचयाची होती. पुढे डभोई अरुंदमापी मार्गांचे मोठे जंक्शन झाले. ज्या गावांच्या शिवारातून रूळ गेले त्यांना स्थानके मिळाली. दोन कोस आत असलेले गाव कितीही मोठे असले तरी बैलगाडीवरच राहिले.

लोकसंख्येचे आकडेही त्या काळात एका दिशेने वाढत नव्हते. १८९१ मध्ये बडोदे संस्थानाची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. छप्पनिया (संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या) दुष्काळानंतर, १९०१ मध्ये, ती साडेएकोणीस लाखांवर आली. सुमारे साडेचार लाखांची ही घट समोर असताना आगगाडी आल्याने गावे भरभराटली असे सरसकट म्हणणे मला पटत नाही.

एस.टी.ने नंतर बरीच गावे तालुक्याला जोडली. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत लोकसंख्या हाच रस्त्याचा अधिकृत निकष होता. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी व आदिवासी भागात २५० लोकवस्ती अशी ही मर्यादा होती, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. डभोई किंवा करजणकडे घरे एकमेकांना लागून असतात, त्यामुळे गाव मोजले की वस्तीही मोजली जाते. नसवाडी आणि कवांट तालुक्यांत मात्र एकेक महसुली गाव अनेक फळियांत, म्हणजे छोट्या वस्त्यांत, विखुरलेले असते. घर ज्याच्या त्याच्या शेतात आणि दोन फळियांमध्ये टेकडी नाही तर पावसाळ्यात भरून वाहणारा ओहोळ. गाव 'जोडलेले' ठरते ते रस्ता त्यातल्या एखाद्या वस्तीपर्यंत आला म्हणून. उरलेली फळिये प्रत्येकी त्या आकड्याच्या खाली राहू शकतात.

नसवाडी आणि कवांट हे तालुके २०१३ मध्ये बडोदे जिल्ह्यातून वेगळे होऊन छोटा उदेपूर जिल्ह्यात गेले. चांदोदचा मार्ग रुंद होऊन केवडियापर्यंत वाढला आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथे दूरच्या शहरांतून थेट गाड्या येऊ लागल्या. त्यानंतर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, कवांट तालुक्यातील तुरखेडा येथे वाहन पोहोचू शकत नसल्याने एका गर्भवतीला झोळीतून न्यावे लागले, तिचा मृत्यू झाला आणि गुजरात उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्याच्या महिनाभर आधी केंद्राने ग्राम सडक योजनेचा चौथा टप्पा मंजूर केला होता. त्यात २५,००० वस्त्या जोडायच्या आहेत आणि त्यांची निवड २०११ च्या जनगणनेवरून व्हायची आहे. त्या मोजणीनंतर फळियांत किती घरे वाढली, हे त्या आकड्यांत कुठेच नाही.