डुंगरवाडी: दोखमा, दहन आणि चार दिवसांच्या प्रार्थना

मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीतला पहिला दोखमा, म्हणजे पारशांचे मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याचा गोल मनोरा, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला गेला. पुढे शहराने टेकडीला चहूबाजूंनी वेढले, तरी 50 एकरांहून मोठी ही गर्द झाडीची जागा पारशी समाजाने राखली. दहन निवडणाऱ्या पारशांच्या अंत्यविधींवरून चाललेल्या सध्याच्या वादाचे मूळ मात्र गेल्या तीन-चार दशकांतले आहे.

गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे 1992 ते 2007 या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे 99 टक्क्यांहून अधिक घटली. या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर 2006 मध्ये बंदी आली, पण डुंगरवाडीवर गिधाडे परतली नाहीत. त्यांच्याऐवजी मृतदेह उन्हाने सुकवण्यासाठी दोखम्यांवर बसवलेले सौर परावर्तक पावसाळ्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. साहजिकच काही कुटुंबे विद्युतदाहिनीकडे वळली.

दहनाला कायद्याची आडकाठी नव्हती. अडवले गेले ते विधी. डुंगरवाडीच्या बंगलीत, म्हणजे तिथल्या प्रार्थनागृहात, गेह सारना ही अंत्यप्रार्थना होते, सगदीदसाठी, म्हणजे मृताला कुत्र्याची नजर दाखवण्यासाठी, कुत्रा आणला जातो, मग नस्सेसालार (शववाहक) पार्थिव उचलतात आणि पांढऱ्या वेशातले नातलग दोघादोघांच्या जोडीने, मध्ये एक रुमाल धरून, मागून चालतात. तिसऱ्या दिवशी उठमणूं आणि चौथ्या पहाटे चहारूम हे प्रार्थनाविधी होतात. त्याच पहाटे आत्मा परलोकाच्या वाटेवरच्या चिनवद पुलाशी पोचतो अशी श्रद्धा असल्यामुळे, दहन निवडणाऱ्यांना बंगली आणि या प्रार्थना नाकारणे ही शोकात असलेल्या घरांवर लादलेली कठोर शिक्षाच होती. अग्नी हेच पूज्य तत्त्व असल्याने त्यात शव घालणे म्हणजे विटाळ, ही परंपरावाद्यांची भूमिकाही मनापासूनची होती. पण तिची किंमत मृताच्या आप्तांनी मोजावी, हे पटणारे नाही. दहन झालेल्यांसाठी प्रार्थना करणे आणि आंतरधर्मीय कुटुंबांचे विधी करणे, या कारणांवरून 2009 मध्ये बॉम्बे पारसी पंचायतीच्या विश्वस्तांनी दोन धर्मगुरूंना डुंगरवाडीवर बंदी घातली. ती बंदी 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

2015 मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत दहन निवडणाऱ्या पारशांसाठी स्वतंत्र प्रार्थनागृह सुरू झाले. कोविडकाळात त्या आजाराने गेलेल्यांसाठी दोखमेनशिनीच, म्हणजे दोखम्यात मृतदेह ठेवण्याची प्रथाच, थांबली, कारण अशा मृतांसाठीच्या सरकारी नियमावलीत केवळ दफन आणि दहन एवढेच मार्ग होते. सुरतेच्या एका पारशी संस्थेच्या याचिकेनंतर, दोखम्यावर पक्ष्यांना रोखणारी जाळी बसवण्याच्या अटीसह तयार झालेली कार्यपद्धती फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली.