पाऊस मुलताईला, टिनं उडाली आमच्याकडे

मे महिन्यातली दुपार, साडेचार-पाचची वेळ. अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीकडच्या आमच्या भागात डोक्यावर आभाळ निळंच असतं, उत्तरेला सातपुड्यावर तेवढं काळं झालेलं असतं, आणि अचानक धूळ घेऊन असा वारा येतो की कोठ्यावरची टिनं उडतात, धुऱ्यावरचा निंब आडवा होतो आणि संत्र्याच्या बगीच्यात आंबिया बहाराच्या लहान लहान फळांचा सडा पडतो. पाण्याचा थेंब मात्र नाही. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बातमी फिरते, 'गावाला चक्रीवादळाचा तडाखा'. मागच्या वेळी असं झालं तेव्हा शेजारचे काका टिनं गोळा करता करता मला म्हणाले, "पाऊस तं तिकडं मुलताईले पडला म्हंतेत, मंग वारा इकडं काहून आला बाप्पा?"

मुलताई म्हणजे आमच्या उत्तरेला सातपुड्यावरचं, मध्य प्रदेशातलं गाव. काकांचा हा प्रश्न मला फार आवडला, कारण उन्हाळी वादळाचा अर्धा अभ्यास त्यात आहे, आणि गेली काही वर्षं आम्ही तीन-चार जण जे करतो (एक जण काटोलला, एक आर्वीला, एक मोर्शीला, आणि आभाळ भरलं की एकमेकांना फोन) ते याच प्रश्नाच्या मागे लागून करतो.

आधी चक्रीवादळाचं बघू. चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, दिवसच्या दिवस टिकतं, त्याला नाव देतात. आपल्याकडचं हे अर्ध्या तासाचं काम असतं आणि त्यात बहुतेक वेळा गोल फिरणं नसतंच, वारा सरळ एका दिशेनं येतो. आपल्या म्हाताऱ्यांचा 'वावधान' (सोसाट्याचा वारा) हा शब्द बातमीतल्या शब्दापेक्षा कितीतरी बरोबर आहे.

आता वारा इकडं काहून आला. याचं उत्तर घरातल्या कूलरमध्ये आहे. विदर्भात कूलर कोणाला समजावून सांगावा लागत नाही: बाजूच्या गवताच्या ताट्या ओल्या, त्यातून गरम कोरडी हवा ओढली जाते, पाणी आटतं, आटताना हवेतली उष्णता घेतं आणि आत थंड हवा येते. एक ग्रॅम पाणी आटायला जवळपास अडीच हजार ज्यूल उष्णता लागते, आणि एक किलो हवा एका अंशानं थंड व्हायला साधारण हजार ज्यूल काढावे लागतात, म्हणजे एक किलो हवेत (साधारण एक घनमीटर) फक्त एक ग्रॅम पाणी आटलं तरी ती अडीच अंशांनी थंड होते. एक ग्रॅम म्हणजे वीसेक थेंब! मे महिन्यात बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर पाणी आटवत आटवत ही हवा २४ अंशांपर्यंत उतरू शकते. तेच जुलैमध्ये ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत फार तर दोन अंश, म्हणून पावसाळ्यात आपण कूलर बंद करून ठेवतो.

उन्हाळी वादळाचा ढग म्हणजे आभाळात लावलेला कूलर आहे, आणि त्याच्या ताट्या आहेत पडणारा पाऊस.

हे होण्यासाठी ढगाचा तळ उंच पाहिजे, आणि आपल्याकडे तो असतोच. जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव धरायला लागते तो) यांच्यातल्या फरकाला १२५ नं गुणलं की ढगाचा तळ अंदाजे किती मीटरवर आहे ते कळतं. ४३ अंश तापमान, १५ दवबिंदू, फरक २८, म्हणजे तळ साडेतीन किलोमीटर उंच. जुलैमध्ये हाच तळ चारशे मीटरवर येऊन बसतो. आता विचार करा, साडेतीन किलोमीटरवरून थेंब निघाला आणि खाली सगळी भट्टीसारखी कोरडी हवा. लहान थेंब तर वाटेतच संपतात. सातपुड्याकडे बघताना ढगाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात आणि त्या जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, पाहिल्यात ना? लोक म्हणतात पाऊस हुकला, आभाळानं फसवलं. पाऊस हुकला नाही, तो हवेत आटला, आणि आटताना त्यानं ती सगळी हवा थंड करून ठेवली.

थंड हवा जड. ४३ ऐवजी २६ अंशांची हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा पाच टक्क्यांनी जड होते. पाच टक्के ऐकायला काहीच नाही वाटत, पण एक किलोमीटर लांब, एक रुंद आणि एक उंच एवढा हवेचा ठोकळा धरा, तो आजूबाजूपेक्षा पन्नास हजार टनांनी जड भरतो. तो खाली येणारच. इथं शाळेत शिकलेला एक जण म्हणेल की हवा खाली येताना दाबली जाऊन गरम होते, दर किलोमीटरला जवळपास दहा अंश, मग थंडावा टिकतो कसा? शंका बरोबर आहे. पण मे महिन्यातल्या दुपारी जमीन एवढी तापलेली असते की ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंतची सगळी हवा घुसळून निघालेली असते आणि तीही खाली येताना त्याच दरानं गरम होत गेलेली असते, म्हणजे दोघी बरोबरीनं तापतात आणि मधला फरक तसाच राहतो, वर थेंब आटतच असतात म्हणून उलट वाढतो. नागपूरला रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास हवामानाचा फुगा सोडतात, तो वर जाता जाता तापमान, ओलावा आणि वारा मोजतो. मे महिन्यातला संध्याकाळचा आलेख बघितला तर तापमानाची रेघ आणि दवबिंदूची रेघ खाली लांब लांब आणि वर जाऊन जवळ आलेल्या, उलटा व्ही ठेवल्यासारखं. तो आकार मोठा दिसला की आम्ही त्या दिवशी पावसाची नाही, वाऱ्याची वाट बघतो.

खाली आलेली ही हवा जमिनीत तर जाऊ शकत नाही. बादली अंगणात उपडी केल्यावर पाणी पसरतं तशी ती चारही बाजूंनी पसरते, ताशी पन्नास ते ऐंशी किलोमीटरनं, कधी त्याहून जास्त, आणि पुढं धूळ उचलत नेते. मुलताईवर पडलेल्या पावसानं थंड केलेली हवा सातपुड्याचा उतार धरून तीस-चाळीस मिनिटांत वरूडला येऊ शकते, पाऊस मागंच राहतो. काकांचा वारा हा असा आला. मातीचा वास पावसाच्या आधी येतो तोही बऱ्याचदा हाच वारा घेऊन येतो, दुसऱ्यांच्या शिवारात भिजलेल्या मातीचा.

हे नीट ओळखणारा माणूस म्हणजे शिकागोचे जपानी शास्त्रज्ञ फुजिता. २४ जून १९७५ ला न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना एक प्रवासी विमान वादळात पडलं, आणि त्याचा तपास करताना त्यांनी मांडलं की ढगातून हवेचा असा लोंढा आदळून पसरतो. लोकांना आधी पटलं नव्हतं. त्यांची पद्धत मला फार जवळची वाटते, ते पडलेली झाडं बघायचे. बगीच्यात सगळी झाडं एकाच दिशेला पडली तर सरळ वारा, एका जागेपासून पंख्यासारखी बाहेरच्या बाजूला पडली तर लोंढा तिथंच आदळला. आम्ही वादळानंतर होकायंत्र घेऊन फिरतो, मोबाइलमध्येच असतं ते, आणि झाडाचा शेंडा कुठं आहे ते लिहून घेतो. आजपर्यंत पीळ घातल्यासारखी पडलेली झाडं मला एकदाही दिसली नाहीत.

थंड हवेचा हा लोंढा गरम हवेच्या खाली पाचरीसारखा घुसतो आणि तिला वर उचलतो. एप्रिल-मे मध्ये बंगालच्या उपसागराकडून दक्षिण-आग्नेयेचा ओलसर वारा विदर्भात येतो, वायव्येकडून कोरडा गरम येतो, दोन्ही इथंच कुठंतरी भिडतात, म्हणून उचलायला दारूगोळा तयार असतो. उचललेल्या हवेतून नवीन ढग, नवीन पाऊस, पुन्हा आटणं, पुन्हा लोंढा. जुना ढग मरता मरता पुढचा जन्माला घालतो. दोन वादळांचे लोंढे समोरासमोर आले तर त्या रेषेवर दहा-पंधरा मिनिटांत ढग उभे राहताना दिसतात, काटोलच्या बाजूला आम्ही हे दोनदा बघितलं आणि दोन्ही वेळा फोनवर ओरडत होतो.

मग प्रत्येक वादळ असंच पुढं पुढं का चालत नाही? इथं थोडं अवघड आहे. लोंढा ढगापेक्षा जास्त जोरात पळाला तर तो पुढं निघून जातो आणि ढगाला खालून मिळणारी गरम हवा तोडून टाकतो, ढग अर्ध्या तासात संपतो. पण वर आणि खाली वाऱ्याचा वेग खूप वेगळा असेल तर हवेत एक आडवी फिरकी तयार असते, लोंढ्याच्या तोंडाशीही एक फिरकी असते, उलट्या दिशेची. दोन्ही फिरक्या तुल्यबळ असल्या तर हवा मागं किंवा पुढं न झुकता सरळ वर जाते, आणि अशी वादळांची रांग तासन्‌तास टिकते. १९८८ मध्ये रोटुनो, क्लेंप आणि वाइजमन या तिघा शास्त्रज्ञांनी हे गणितानं मांडलं. त्यावर अजूनही वाद आहेत, पण सकाळी फुग्याच्या आलेखात जमिनीजवळचा वारा आणि तीन किलोमीटरवरचा वारा यांच्यात किती फरक आहे ते बघून ठेवायचं आणि संध्याकाळी रांग टिकली की मोडली ते बघायचं, हा आमचा खेळ बऱ्यापैकी जमतो.

लागतं काय? दोन थर्मामीटर, एकाच्या खालच्या टोकाला ओली चिंधी, त्यावरून दवबिंदू निघतो. काही मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, थंड लोंढा आला की दाब दोन-चार मिलिबारनं टुणकन वर जातो. नागपूरच्या डॉपलर रडारचं चित्र थोड्या थोड्या वेळानं बदलतं, त्यात लोंढ्याचं तोंड कधी कधी पातळ रेघेसारखं दिसतं, धूळ आणि किडे एका ओळीत उचलले गेल्यामुळे. पण रडारचा सगळ्यात खालचा किरणही जमिनीपासून साधारण अर्धा अंश वर असतो आणि पृथ्वी गोल, त्यामुळे अकोल्यापर्यंत जाईजाईस्तो तो चार किलोमीटरच्या वर गेलेला असतो. हजार मीटर उंचीचा लोंढा त्याला दिसणार कसा? अकोला, वाशीम, बुलढाण्याकडे वारा कधी फिरला हे वावरात उभा असलेला माणूसच सांगू शकतो, म्हणून त्या बाजूच्या लोकांनी हे लिहून ठेवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तारीख, वारा फिरल्याची वेळ, कोणत्या दिशेकडून, आधीचं आणि नंतरचं तापमान, पहिला थेंब. सहा नोंदी.

हे सगळं घरात किंवा फोर व्हीलरमध्ये काचा लावून बसून करायचं, कारण जिथं लोंढा तिथं वीज. वीज चमकल्यावर गडगडाट यायला तीन सेकंद लागले तर ती एक किलोमीटरवर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की वावर सोडायचं, झाडाखाली तर उभंच राहायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आतल्या विजेचा इशारा देतं, ते तरी घरातल्या एकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. आणि पायाळू माणसावर वीज पडते ही गोष्ट आता बंद करा. जन्मताना पाय आधी आले की डोकं हे विजेला कळत नाही, तिला उंच आणि एकटं काय उभं आहे तेवढंच महत्त्वाचं. यामुळं पायाळू पोराला घरात कोंडतात आणि बाकीचे चौघं निंबाखाली बिनधास्त उभे राहतात, हे मी डोळ्यानं बघितलंय आणि मला त्याचा राग येतो.

तसंच अक्षय तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घट मांडतात आणि त्याभोवतीचं धान्य रात्रीतून कसं हललं ते बघून भाकीत करतात, त्या घटमांडणीवरून यंदा अवकाळी किती ते ठरवणं. घटातल्या धान्याच्या हलण्याचा आणि दोन महिन्यांनंतरच्या ढगाचा संबंध जोडणारी कुठलीच साखळी नाही. तिकडं २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात ५६ अंश तापमान झाल्याची बातमी फिरली, ती सेन्सरच्या बिघाडातून आलेली होती, पण खुलासा बातमीच्या अर्धाही फिरला नाही. चिंधीवाले दोन थर्मामीटर घरात असते तर त्या दुपारी कोणालाही ते पडताळता आलं असतं.

काकांना मी हे सगळं कूलरसमोर बसवूनच सांगितलं. नंतर एका संध्याकाळी मी मोर्शीला होतो तेव्हा त्यांचा फोन आला, "पोरा, वारा उत्तरेकडून फिरला, थंड लागून रायला, घड्याळात पाच वाजून बारा झाले, लिहून घे." मी लिहून घेतलं. पहिला थेंब त्यांच्या अंगणात पाच पस्तीसला पडला, आणि तोपर्यंत त्यांनी टिनावर दगड ठेवून, गाय कोठ्यातून सोडवून पक्क्या घराच्या पडवीत आणली होती.